सुरतेतून बर्फाकडे: बूट निवडताना

सुरतेत जानेवारीच्या पहाटे पारा 14-15 अंशांवर आला की लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत कानटोप्या बाहेर पडतात. भुसावळ-सुरत गाडीने खानदेशातून आलेल्या आणि इथेच रुजलेल्या मराठी घरांना थंडी म्हणजे एवढीच ठाऊक. तिच्यात पायात चप्पल असली तरी भागतं. तरीही या शहरात दरवर्षी बर्फासाठी बूट शोधले जातात. कुणाची मुलगी जानेवारीच्या सत्रासाठी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला निघालेली असते. कुणी डिसेंबरच्या सुट्टीत मनालीला किंवा केदारकंठाच्या ट्रेकला जाणार असतं. जुलैत अमरनाथच्या यात्रेला मंडळंच्या मंडळं निघतात. आणि परदेशात नातवंड झालं म्हणून सासू-सासरे किंवा आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा हिवाळ्यातल्या कॅनडात उतरतात. या चौघांना चार वेगळ्या जातीचे बूट लागतात. दुकानात मात्र चौघेही एकच प्रश्न विचारतात, ‘गरम राहतील ना?’

हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न पकडीचा: ओल्या, गुळगुळीत बर्फावर हा बूट धरतो का? दुसरा कोरडेपणाचा: बाहेरचं पाणी आत येतं का आणि आतला घाम बाहेर जातो का? ऊब त्यानंतर. थंड पडलेले पाय घरात आल्यावर बहुतेक वेळा थोड्या वेळात पूर्ववत होतात. घसरून मोडलेलं मनगट सहा-आठ आठवडे अडवून ठेवतं, आणि सत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर त्याचं चालणं-फिरणं पुन्हा पहिल्यासारखं होईलच असं नाही. म्हणून बुटाचं वरचं फर, जाड अस्तर, पेटीवरचा उणे तापमानाचा आकडा हे सगळं पाहण्याआधी बूट उलटा करून त्याचा सोल पाहावा.

पाय ज्या बर्फावर पडतो तो सगळीकडे सारखा नसतो. नुकता पडलेला बर्फ भुसभुशीत असतो. त्यात पाय रुततो आणि सोलच्या खोल खाचा त्याला धरतात. हा बर्फ फारसा पाडत नाही, मात्र बुटात वरून शिरतो आणि वितळतो. लोकांनी तुडवून दाबलेला बर्फ जास्त अवघड. आणि सर्वांत वाईट म्हणजे दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला पातळ थर. तो इतका पारदर्शक असतो की खालचं डांबर स्पष्ट दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. कॅनडा-अमेरिकेत याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. तिथे नवीन गेलेला माणूस बर्फाच्या ढिगाला घाबरून जपून चालतो आणि मोकळ्या दिसणाऱ्या फुटपाथवर बेसावध होतो. पडतो तो बहुधा तिथेच.

बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या जवळपास. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे गोठणबिंदूच्या खालीसुद्धा पृष्ठभागावर द्रवासारखा वागणारा अतिशय पातळ पापुद्रा राहतो. मायकेल फॅरडेने 1850 मध्ये बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात, हे दाखवून या पापुद्र्याकडे लक्ष वेधलं होतं. शून्याच्या जवळ हा पापुद्रा जाड होतो, पायाच्या घर्षणाने त्यात आणखी भर पडते आणि बूट व बर्फ यांच्यामध्ये वंगण तयार होतं. उणे 20 ला तोच बर्फ बराच खरखरीत लागतो. म्हणजे थंडीच्या दृष्टीने उणे 20 चा दिवस कठीण, पण घसरण्याच्या दृष्टीने उणे 1-2 चा दिवस अधिक धोक्याचा. टोरांटो आणि आसपासच्या भागात हिवाळाभर पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. तिथे वितळणं आणि गोठणं सारखं चालू असतं, म्हणून तिथल्या माणसाला पकडीची गरज ऊबेहून मोठी असते. विनिपेगला जानेवारीच्या रात्री उणे 20 च्या खाली जातात. तिथे ऊबही तितकीच महत्त्वाची ठरते. ‘कॅनडासाठी बूट’ असं काही नसतं. कोणत्या शहरासाठी, हे आधी ठरवावं.

आता सोल. बर्फावर पकड मिळते ती मुख्यतः रबराच्या मऊपणातून. मऊ रबर बर्फाच्या बारीक खडबडीत भागांत दबतं आणि धरून ठेवतं. अडचण अशी की प्रत्येक रबर, प्रत्येक प्लॅस्टिक थंडीत कडक होत जातं, आणि कुठल्या तापमानाला किती कडक होईल हे त्याच्या घडणीवर असतं. स्वस्त बुटांना वापरला जाणारा पीव्हीसीचा सोल सुरतेच्या 32 अंशांत लवचीक वाटतो, पण शून्याखाली ताठ होतो. असा बूट बर्फावर पाटीसारखा सरकतो. दुकानात हे कळणार कसं? दुकानात बर्फ नाही, पण घरी फ्रीझर आहे आणि त्याचं तापमान साधारण उणे 18 असतं. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा, सकाळी काढल्या काढल्या चवड्यापाशी वाकवून पाहावा आणि सोलमध्ये नख रुतवून पाहावं. सहज वाकला, नख थोडं तरी रुतलं तर ठीक. लाकडासारखा ताठ राहिला तर तो बूट पावसाळ्यात वापरावा, बर्फात नेऊ नये. बूट परत करण्याची मुदत विचारून मगच घरी आणावा, म्हणजे ही परीक्षा निर्धास्तपणे करता येते.

खोल खाचांचा सोल दिसायला मजबूत असतो आणि त्याचा इतिहासही मोठा आहे. पूर्वी युरोपातले गिर्यारोहक सोलला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट घालत आणि खडकावर चढताना ते काढून हलके जोडे घालत. 1935 साली इटलीतल्या पुन्ता रासिका शिखरावर अशाच हलक्या जोड्यांनी चढलेला गट वादळात सापडला आणि सहा जण गेले. त्यांचा सहकारी व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर मोटारीच्या टायरसारखा व्हल्कनाइज केलेल्या रबराचा, खाचांचा सोल तयार करायचं मनावर घेतलं. 1937 साली तो सोल आला. ब्रामानीच्या नावा-आडनावातली अक्षरं जोडून कंपनीचं नाव ‘व्हिब्राम’ पडलं, आणि आज ट्रेकिंगच्या बुटाच्या तळाला दिसणारा पिवळा अष्टकोन तिचाच. माती, खडक, भुसभुशीत बर्फ यांवर हा सोल उत्तम. पण काचेसारख्या बर्फावर खोल खाचांना धरायला काही नसतं. तिथे उलट जास्तीत जास्त मऊ रबर बर्फाला टेकलेलं हवं.

हे अंदाजावर सोडायला नको म्हणून टोरांटोच्या पुनर्वसन संस्थेने एक वेगळी प्रयोगशाळा उभारली. तिच्यात खोलीएवढा थंड कक्ष आहे, जमिनीवर खरा बर्फ आहे आणि अख्खा कक्ष तिरका करता येतो. सुरक्षा-पट्टे बांधलेला माणूस बूट घालून चढ-उतार चालतो, तिरपेपणा वाढवत नेतात आणि तो किती अंशांपर्यंत न घसरता चालू शकतो हे मोजतात. कोरडा बर्फ आणि वितळू लागलेला ओला बर्फ, दोन्हींवर. 7 अंश ही किमान पायरी धरली, कारण फुटपाथच्या कडेला असणारा उतार साधारण तेवढा असतो. 2016 मध्ये निकाल जाहीर झाले तेव्हा तपासलेल्या 98 बुटांपैकी 90 टक्क्यांहून अधिक बूट ही किमान पायरीही गाठू शकले नाहीत. त्यांत महागडे, नावाजलेले बूटही होते. जे टिकले त्यांच्या रबरात काचतंतूंसारखे बारीक कठीण कण मिसळलेले होते. मऊ रबर चिकटतं आणि हे कण बर्फाला ओरखडतात. ‘रेट माय ट्रेड्स’ या नावाने ही संस्था बुटांना हिमफुलांच्या खुणा देते. कॅनडात बूट घेणाऱ्याने आधी ती यादी पाहावी. किंमत पाहून पकड ओळखता येत नाही, हे या चाचण्यांनी अगदी स्पष्ट केलं.

पुढचा प्रश्न कोरडेपणाचा, आणि तो समजायला सुरतेच्या माणसाइतका योग्य माणूस नाही. वॉटरजेट लूमवर काम केलेल्या कोणालाही विचारा: पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकणाऱ्या त्या मागावर पॉलिएस्टर आणि नायलॉन चालतात, सुती धागा चालत नाही, कारण तो पाणी पितो. बुटातही हाच नियम आहे. सुती मोजा घाम पितो, ओला होतो आणि ओलाच राहतो. पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ओला मोजा पायाची ऊब सोलकडे पोचवत राहतो. बर्फात सुती मोजे घालायचे नाहीत. शाळेच्या गणवेशातले पांढरे मोजे दोन-दोन चढवून मनालीला जाणाऱ्या मुलांचे पाय गारठतात ते याच कारणाने. लोकरीचा मोजा घ्यावा. लोकरही ओलावा घेते, सुतीहून अधिकच घेते, पण वाफेच्या रूपात तंतूच्या आत घेते आणि तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा धरून ठेवते. म्हणून थोडी दमट लोकरही ऊब देते. त्वचेला लोकर टोचत असेल तर आत पातळ पॉलिएस्टरचा मोजा घालावा.

बुटाच्या वरच्या भागाबद्दल थोडक्यात. जाळीचे स्पोर्ट्स शूज बर्फात निरुपयोगी. गमबुटासारखा घोट्यापर्यंत अखंड रबर आणि वर चामडं किंवा नायलॉन ही रचना चिखलासारख्या वितळत्या बर्फासाठी चांगली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीनने 1911 मध्ये अशाच जोडणीचा बूट तयार केला. विकलेल्या पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद शिवण उसवून परत आले. त्याने पैसे परत केले, रबर सुधारलं आणि पुन्हा विकले. त्यातून बोध एवढाच की बूट पाहताना रबर आणि वरचा भाग जिथे जुळतो ती शिवण बोटाने तपासावी. पाणी तिथूनच शिरतं. दुसरा प्रकार आत पाणीरोधक पडदा असलेल्या बुटांचा. रॉबर्ट गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून ज्या सूक्ष्मछिद्री पडद्याचा शोध लावला, तो गोअरटेक्स यातला सर्वांत ओळखीचा. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. बाहेरचं कापड चिंब भिजलं की मात्र वाफेचा मार्ग मंदावतो, म्हणून असे बूटही पाणी झटकणाऱ्या फवाऱ्याने अधूनमधून फवारावे लागतात. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी. जीभ सुटी असेल तर बर्फ नाड्यांच्या फटीतून थेट मोज्यावर उतरतो.

आता ऊब. बुटाच्या पेटीवर 200, 400, 800 असे आकडे असतात. हे आकडे ग्रॅममध्ये, म्हणजे अस्तराच्या एका चौरस मीटरचं वजन. रिंगरोडवरच्या कापड मार्केटात रोज जीएसएम बोलणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. थिन्स्युलेटसारखं अस्तर हे अतिशय बारीक कृत्रिम तंतूंचं असतं. तंतू जितका बारीक तितकी जास्त हवा अडकते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवाच. शहरात चालण्या-फिरण्यासाठी 200 पुरतात. बसथांब्यावर बराच वेळ उभं राहायचं, बर्फ उपसायचा, विनिपेगसारख्या ठिकाणी राहायचं तर 400 किंवा अधिक. सतत चढणाऱ्या ट्रेकरला जाड अस्तर नकोच. त्याचे पाय घामेजतात आणि थांबल्यावर तोच घाम गार पडतो. पेटीवर ‘उणे 30’, ‘उणे 40’ असं छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नये. हे आकडे बहुतांशी ज्याच्या त्याच्या चाचणीवरचे असतात. दोन कंपन्यांचे ‘उणे 30’ सारखे निघतीलच असं नाही. युरोपीय मानकाचा ‘सीआय’ हा शिक्का मात्र अर्थपूर्ण आहे. उणे 17 अंशांच्या कक्षात अर्धा तास ठेवल्यावर बुटाच्या आतलं तापमान 10 अंशांपेक्षा जास्त घसरता कामा नये, अशी त्यामागची अट असते. उष्णता सर्वांत जास्त पळते ती तळाकडून, म्हणून वरचं फर जाड आणि सोल पातळ असलेला बूट घेऊ नये. सुटं काढता येणारं नमद्याचं किंवा लोकरीचं आतलं अस्तर असेल तर फार चांगलं. रात्री काढून वाळवता येतं.

आणि एवढं सगळं जमूनही माप चुकलं तर पाय गारच राहतात. घट्ट बुटात रक्ताचा प्रवाह आवळला जातो, शिवाय बोटांभोवती हवेला जागाच उरत नाही. त्यात दुसरा मोजा कोंबला की थंडी वाढते. माप घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जे मोजे बर्फात घालणार तेच नेऊन घालावेत. नाड्या सोडून पाय पुढे सरकवावा, बोटं पुढच्या टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. मग नाड्या बांधून उतारावर किंवा जिन्यावरून खाली उतरावं. बोटं टोकाला आपटली तर माप लहान, टाच वर उचलली गेली तर सैल. भारतातली बरीच मापं ब्रिटिश पद्धतीची असतात. अमेरिकी माप पुरुषांसाठी साधारण एकाने आणि बायकांसाठी साधारण दोनाने जास्त असतं. घरी बसून परदेशी जोड मागवताना इथेच चूक होते.

कॅनडाला सप्टेंबरच्या सत्रासाठी जाणाऱ्याने सुरतेत हिवाळी बूट घेऊच नयेत. बॅगेतले तेवढे किलो मसाल्यांना द्यावेत आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच, त्या शहरातल्या लोकांच्या पायात काय आहे हे पाहून घ्यावेत. जानेवारीत उतरणाऱ्याला मात्र विमानतळाबाहेर पहिलं पाऊल बर्फात टाकायचं असतं. त्याने फ्रीझरची परीक्षा उतरलेला, पाणीरोधक, घोटा झाकणारा एक जोड पायात घालूनच निघावं. बरेच विद्यार्थी गोदामांत अर्धवेळ काम करतात. तिथे सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा हिरवा त्रिकोण असलेले बूट लागतात. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ पुढच्या बाजूला पहिल्या दर्जाचं संरक्षक टोपण आणि खिळा न शिरणारा तळ. यात पोलादी टोपणाऐवजी कंपोझिट टोपण मिळालं तर घ्यावं, पोलाद बोटांची उष्णता ओढून घेतं. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चामडं पांढरं पडून तडकतं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसावं, डाग राहिले तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसावं. बूट हीटरला चिकटवून वाळवू नयेत, सोलचा डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून खोलीतच वाळू द्यावेत.

मनाली-सोलांगच्या रस्त्यावर कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. तासाभराच्या बर्फाच्या खेळाला ते चालतात, फक्त ते आतून बहुधा आधीच दमट असतात आणि त्यांना अस्तर नसतं. लोकरीचे दोन जोड मोजे बरोबर न्यावेत आणि दोन मोज्यांच्या मध्ये पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी, म्हणजे बुटातला दमटपणा आतल्या मोज्यापर्यंत येत नाही. केदारकंठा वेगळा. 12,500 फूट, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ, आणि शिखराची चढाई पहाटेच्या अंधारात. इथे घोट्याच्या वर येणारे, ताठ सोलचे, पाणीरोधक ट्रेकिंग बूट हवेत, पोटरीवर बर्फ अडवणारे गेटर्स हवेत आणि साखळीला बारीक पोलादी खिळे असलेले मायक्रोस्पाइक्स हवेत. शेवटच्या दोन वस्तू पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात, विकत घेण्याचं कारण नाही. बूट मात्र भाड्याचे नकोत. स्वतःच्या पायाला सवय झालेले, निदान दोन-तीन आठवडे जिने चढून-उतरून मुरवलेले असावेत. ट्रेकमध्ये माणूस थंडीने परत फिरतो त्याहून जास्त वेळा फोडांनी परत फिरतो.

अमरनाथची गोष्ट मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. गुहा 3,888 मीटरवर आहे. यात्रा उन्हाळ्यात असली तरी वाटेत बर्फाचे पट्टे, वितळलेल्या पाण्याचे ओहोळ आणि चिखल असतो. श्राइन बोर्डाची स्पष्ट सूचना आहे की चपला घालू नयेत, नाड्यांचे ट्रेकिंग बूट घालावेत. तरीही श्रद्धेपोटी किंवा सवयीने चपलांवर निघणारी वयस्क माणसं दिसतातच. त्यांना जड हिवाळी बूट देऊ नका, ते चढणार नाहीत. हलके, घोटा धरणारे, चांगल्या रबराचे बूट आणि हातात टोकदार काठी एवढं पुष्कळ. पायावरचं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा जवळपास पाचपट दमवतं, हे चालणाऱ्यांवर केलेल्या मोजमापांतून समोर आलेलं आहे.

जड बुटांची खरी जागा कुठे आहे, ते याच शहरातल्या दोन बहिणींनी दाखवलं. सुरतेच्या अदिती आणि अनुजा वैद्य 22 मे 2019 ला एव्हरेस्टच्या शिखरावर पोचल्या. आठ हजार मीटरवर आज वापरले जाणारे बूट म्हणजे तीन थर: आतला काढता येणारा बूट, त्यावर उष्णतारोधक ताठ कवच आणि गुडघ्याकडे चढणारं बाहेरचं आवरण. जोडीचं वजन अडीच-तीन किलोंच्या घरात. सोल इतका ताठ की त्याला बुटाखाली बांधायचे बारा टोकांचे क्रॅम्पॉन घट्ट बसावेत. 1953 च्या मोहिमेसाठी ब्रिटनच्या पादत्राण संशोधन संस्थेने खास बूट बनवले होते आणि त्यांत कापोकचं, म्हणजे सावरीच्या कापसाच्या जातीचं अस्तर घातलं होतं. 29 मेच्या पहाटे शेवटच्या तळावर एडमंड हिलरींना आपले बूट दगडासारखे गोठलेले सापडले. ते काढून बाजूला ठेवले होते. स्टोव्हवर ते शेकून मऊ करण्यात दोन तास गेले आणि मगच हिलरी व तेनसिंग निघाले. आजही उंचावर आतला बूट झोपण्याच्या पिशवीत घेऊनच झोपतात. हिवाळी ट्रेकलाही हे पाळावं.

वयस्क माणसांसाठी आणखी दोन शब्द. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. त्याला थंडी कळत नाही, फोडही कळत नाही. अशा आई-वडिलांना कॅनडात नेताना बुटात खडा, सुरकुती, टोचणारी शिवण काही नाही हे रोज हात घालून पाहावं आणि रात्री पाय तपासावेत. बोट पांढरंफटक, बधिर पडलं तर चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. आडोशाला न्यावं, 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावं आणि डॉक्टर गाठावा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तोवर शेकूही नये. बर्फावर पावलं लहान टाकावीत, अख्खा तळवा एकदम टेकवावा, हात खिशात घालू नयेत. मायक्रोस्पाइक्स किंवा खिळ्यांचे पट्टे लावले असतील तर दुकानात शिरण्याआधी काढावेत, कारण फरशीवर पोलाद बर्फाहून अधिक सरकतं.

परतल्यावर हे बूट सुरतेत माळ्यावर जातात, आणि पुढच्या प्रवासाआधी सर्वांत मोठा धोका तिथेच तयार होतो. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलचा मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट, उष्ण हवेत पाण्याची वाफ त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते. वरून बूट नवाकोरा दिसतो, कारण तो वापरलेलाच नसतो. पण पाच-सात वर्षांनी पायात घालून निघालं की दुसऱ्या दिवशी अख्खा सोल गळून पडतो. तापीकाठची हवा यासाठी लडाखच्या हवेपेक्षा कितीतरी वाईट. बूट पूर्ण वाळवून, पेटीत कोंडून न ठेवता, हवेशीर जागी ठेवावेत आणि मधूनमधून घालून चालावं. वापरात असलेला थर जास्त टिकतो. मोठ्या भावाचे, शेजाऱ्यांचे, मागच्या खेपेचे बूट घेऊन कोणी निघणार असेल तर आदल्या रात्री नको, महिनाभर आधी ते खाली काढा, सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा आणि बूट दोन्ही हातांनी वाकवा. कडेला भेगा पडल्या किंवा बोटाला भुगा लागला तर ते बूट नेऊ नका.